पिवळा आधी जातो

पांढऱ्या शर्टावर वरणाचा थेंब सांडला की पुढे काय होतं, हे मराठी घरात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. कुणीतरी घाईघाईनं साबण चोळतं आणि डाग जायच्या ऐवजी लालभडक होतो. मग घरातलं जुनं माणूस म्हणतं, राहू दे, धुऊन उन्हात टाक. साबण निघून गेला की लाल पुन्हा पिवळा होतो, आणि दोन-तीन दिवसांच्या उन्हात तो पिवळाही इतका विरतो की डाग नेमका कुठे होता ते शोधावं लागतं.

हळदीचं निम्मं रसायनशास्त्र या एका शर्टावर उरकतं. खार लागला की लाल, ऊन लागलं की गायब. आपल्याकडच्या रंगाऱ्यांना या दोन्ही गोष्टी पाठ होत्या. हजारो किलोमीटर दूर एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, लाकडी ठशांनी चित्रं छापणाऱ्या कारागिरांनाही त्या ठाऊक होत्या, कारण त्यांच्या रंगाच्या वाटीत कधीकधी हळदच असायची. पण पुढच्या पिढ्यांची, म्हणजे आपली, एक मोठी फसगत यातूनच झाली आहे. जुनी चित्रं आणि जुनी वस्त्रं बघून आपण ठरवतो की तो काळ असा दिसत होता. त्यातून पिवळा निघून गेलेला असतो, आणि तो गेलाय हे आपल्या लक्षातही येत नाही.

आधी जपानचं बघू, कारण तिथे पुरावा जपून ठेवलेला आहे.

१७६५च्या सुमारास एदोमध्ये सुझुकी हारुनोबू या चित्रकाराच्या हातून पूर्ण रंगीत छपाई सुरू झाली. त्याआधी एक-दोन रंगांची चित्रं निघत. आता प्रत्येक रंगाला वेगळा ठसा आला. चित्रकार फक्त रेषा काढून देई. मग कोरणारा चेरीच्या लाकडावर ती कोरे, छापणारा रंग लावून त्यावर ओलसर कागद ठेवी आणि बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या गोल चकतीनं पाठीमागून घासे. रंगात पाणी आणि थोडी तांदळाची खळ. तेल नाही, यंत्र नाही. कागदाला आधीच तुरटी आणि सरसाचा हात दिलेला असे, म्हणजे रंग फुटत नसे. दहा-बारा ठसे एकाच कागदावर एकमेकांच्या रेषेत अचूक बसवायचे, तेही शेकडो वेळा. ही चित्रं श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी नव्हती. नट, कुस्तीगीर, देखण्या बायका, प्रवासाची ठिकाणं असे विषय असत, आणि किंमत सामान्य माणसाला परवडेल इतकी. आजच्या भाषेत पोस्टर.

या पोस्टरांत पिवळा कुठून येई? एक तर झाडपाल्यातून, आणि त्या झाडपाल्याची यादी वाचताना मराठी माणसाला जागोजागी ओळखीची माणसं भेटतात. उकोन म्हणजे आपली हळद. ती जपानच्या दक्षिणेकडे र्‍युक्यू बेटांवर, आजच्या ओकिनावात पिके, आणि तिच्या व्यापारावर तिथल्या राज्याची मक्तेदारी होती. कुचिनाशी म्हणजे आपल्या अंगणातला अनंत. रंग फुलाचा नाही, फळाचा; आपल्याकडे बागांत लावला जातो तो दुहेरी पाकळ्यांचा अनंत फळच धरत नाही, म्हणून त्यात रंग असतो हे आपल्याला माहीतच नसतं. किहादा या झाडाची आतली साल पिवळीधमक असते; तिच्यात जो रंग आहे तोच आपल्या दारुहळदीत आहे. आग्नेय आशियातून येणारा एक पिवळा चीक होता, तो कोकमाच्या जातकुळीतल्या झाडाचा. रंग सुरेख, पण पोटात गेला तर जुलाब. शिवाय एन्जू नावाच्या झाडाच्या कळ्या, रानसफरचंदाची साल. कळ्या तुरटीच्या पाण्यात उकळल्या की लिंबासारखा पिवळा उतरे.

किहादाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ज्याच्यावर तारीख आहे असं जगातलं सर्वांत जुनं छापील पुस्तक म्हणजे चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेत सापडलेलं वज्रसूत्र, इसवी सन ८६८. तेही लाकडी ठशांनीच छापलेलं. त्याचा कागद पिवळा आहे, आणि तो जुनाटपणानं पिवळा पडलेला नाही, याच सालीच्या काढ्यात मुद्दाम रंगवलेला आहे. हेतू शोभेचा कमी आणि किडीचा जास्त: हा कडू पिवळा कसर लागू देत नाही. जपानमध्ये हळदीत रंगवलेल्या कापडात जुनी भांडी, चित्रं, किमोनो गुंडाळून ठेवायची पद्धत अजून आहे, तीही याच विश्वासावर. आपण पोथ्या बासनात गुंडाळतो तसं. फरक इतकाच की मराठीत एखादी गोष्ट बासनात गुंडाळली की ती पुन्हा बाहेर येत नाही.

आता हिरव्याकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. झाडपाल्यापासून चांगला, टिकाऊ हिरवा मिळत नाही. जगभर सगळीकडे पानं हिरवी असूनही नाही. त्यामुळे हिरवा नेहमी दोन रंगांचा केलेला असे: निळ्यावर पिवळा, किंवा पिवळ्यावर निळा. जपानी छपाईत कधी निळीबरोबर पिवळा मिसळत, कधी दोन ठसे एकावर एक उठवत. १८२०-३० नंतर परदेशातून आलेला प्रशियन निळा मिळू लागला, होकुसाईच्या त्या प्रसिद्ध लाटेचा निळा हाच, आणि तो उन्हाला चांगलाच पुरून उरतो. त्याच्या जोडीला बसवलेला हळदीचा किंवा कळ्यांचा पिवळा तितका टिकत नाही. मग दीडशे वर्षं भिंतीवर टांगलेल्या चित्रात काय उरेल? निळी झाडं, निळसर गवत. बघणारा म्हणतो, काय काव्यात्म दृष्टी आहे जपान्यांची! काव्य थोडंफार असेलही. बरंचसं ऊन असतं.

सगळ्या चित्रांचं असंच झालं असं नाही, हेही सांगायला हवं. काही छापणारे पिवळ्यासाठी हरताळ वापरत. तो दगडातून येतो, आणि त्याच्यापासून केलेला हिरवा बराच टिकतो. शिवाय निळेही सगळे पक्के नव्हते. प्रशियन निळा यायच्या आधी त्सुयुकुसा नावाच्या रोपाच्या पाकळ्यांचा एक निळा चाले, तो तर पाण्याच्या थेंबानंही फिका पडे. सोयाबीनमध्ये निंदताना ज्याच्या नावानं बोटं मोडली जातात तो केना आठवा. त्सुयुकुसा त्याचा सख्खा भाऊ. त्याची छोटी निळी फुलं कुणी टिपून रंग करत असेल, हे खुरपं हातात असताना सुचणं कठीणच.

होकुसाईच्या लाटेचं चित्र तुमच्यापैकी कुणाच्या तरी फोनवर वॉलपेपर असणारच. ते एकच चित्र नाही, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. ठशांवरून हजारोंनी प्रती निघाल्या, आणि त्यातल्या शंभराहून अधिक आज जगभरच्या संग्रहांत आहेत. काही प्रतींत लाटेखालच्या नावा स्पष्ट पिवळ्या आहेत, काहींत जवळजवळ कागदाच्या रंगाच्या. एकाच छापखान्यातून निघालेली भावंडं. एक अंधारात वाढलं, दुसरं उजेडात.

अंधारात वाढवायचा हट्ट सर्वांत टोकाला नेला तो बोस्टनच्या स्पॉल्डिंग बंधूंनी. विल्यम आणि जॉन स्पॉल्डिंग यांनी सुमारे साडेसहा हजार जपानी चित्रं जमवली, त्यांतली कितीतरी फ्रँक लॉइड राइट या नामवंत वास्तुशिल्पीमार्फत, आणि १९२१मध्ये ती बोस्टनच्या कलासंग्रहालयाला दिली. अट एकच: ही चित्रं कधीही प्रदर्शनात लावायची नाहीत. तेव्हा लोकांना हा विक्षिप्तपणा वाटला असेल. देणगी द्यायची आणि दाखवायची बंदी! शंभर वर्षांनी आज त्या संग्रहाकडे संशोधक डोळे लावून बसतात, कारण एदोमध्ये पिवळा खरोखर किती झणझणीत होता, हे तिथेच कळतं. आणि सामान्य माणसाला ती चित्रं बघायची असतील तर मार्ग एकच, संग्रहालयानं इंटरनेटवर ठेवलेली छायाचित्रं. म्हणजे तुमचा फोन. भिंतीवर लावलेल्या अस्सल चित्रापेक्षा न लावलेल्या चित्राचा फोटो जास्त खरा रंग दाखवतो, अशी ही उलटी गोष्ट आहे.

पिवळाच आधी का जातो, याचं एक साधं कारण आहे. एखादी वस्तू आपल्याला पिवळी दिसते, कारण ती उजेडातला निळा-जांभळा भाग गिळते आणि बाकीचा परत पाठवते. डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडात हाच भाग सगळ्यांत जोरकस. म्हणजे पिवळा रंग दिवसभर सर्वांत कडक मार छातीवर झेलत असतो. हळदीतला रंग या मारानं तुटतो आणि त्याचे तुकडे रंगहीन असतात. काही पिवळे तुरटीनं धाग्याला किंवा कागदाला घट्ट धरून बसतात आणि थोडे जास्त तगतात. हळदीवर तुरटीचाही फारसा इलाज चालत नाही.

मग हळकुंडं पंधरा-पंधरा दिवस उन्हात वाळत पडलेली असतात ती पांढरी का होत नाहीत? मेहकरच्या पूर्वेला आणि दक्षिणेला, वाशीम-हिंगोलीकडे, फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर शिजवलेल्या हळदीचे गालिचेच्या गालिचे उन्हात दिसतात. हळकुंडाला साल असते, आणि रंग आत असतो. उजेड फक्त वरवर पोचतो. पूड केली, कापडावर पसरली, की प्रत्येक कण उघडा पडतो.

मेहकरचं नाव आलंच आहे, तर आता आपल्याकडे येऊ.

महाराष्ट्रात एदोसारखी कागदावरची रंगीत ठसेछपाई वाढली नाही. आपल्याकडे लाकडी ठसा कागदाऐवजी कापडावर उठला. ठसे कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, बाह्यरेषेचा ठसा आधी आणि रंग भरायचे मागून, ही कामाची वाटणी मात्र थेट तीच. हे काम करणाऱ्यांची नावं आजही तुमच्या वर्गाच्या हजेरीत सापडतील: रंगारी, भावसार, निराळी, छिपा. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६मध्ये मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ छापला, त्यात ही सगळी नावं एकाच नोंदीच्या मथळ्याखाली, सुती कापड रंगवणारे आणि छापणारे म्हणून, येतात. आडनाव उरलं, भट्टी विझली.

मेहकर हे पैनगंगेकाठचं जुनं गाव. अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचं, म्हणजे महसुली जिल्ह्याचं, ठाणं. पण त्याआधीच इथे माग खडखडत होते. इंग्रजांच्या जुन्या गॅझेटियरमध्ये इथल्या मोमीन विणकरांची नोंद आहे: ते इतके सधन होते की गावाला तटबंदी घालायचं काम त्यांनी अंगावर घेतलं, आणि मोमिनांच्या वेशीवरच्या शिलालेखावर १४८८ हे साल होतं. राजानं नाही, सरदारानं नाही, विणकरांनी गावाला भिंत घातली. मला हा उल्लेख बुलढाणा जिल्ह्याच्या इतिहासातला फार मोठा वाटतो, आणि शाळेच्या पुस्तकात तो नसतो. पुढे कोष्ट्यांची धोतरंही इथली नावाजली गेली.

जिथे विणकर, तिथे रंगारी आलाच. वऱ्हाडात त्याचं भांडवल मुख्यतः लाल आणि निळं होतं: आलीच्या मुळांचा लाल, निळीचा निळा. हे पक्के रंग. पिवळ्याला त्यांच्या दुकानात मान दुसऱ्या रांगेत, कारण तो बहुधा कच्चा. कच्चा आणि पक्का हे शब्द आपण आता सडक, घर, बिल सगळ्याला लावतो. रंगाऱ्याच्या तोंडी त्यांचा अर्थ अगदी काटेकोर होता. गिऱ्हाइकाला तो आधी विचारणार, कच्चा हवा की पक्का. त्यावर भाव ठरणार, आणि लुगडं किती धुण्यांत फिकं पडेल याचा अंदाजही.

पिवळ्यासाठी सामान आसपासच होतं. हळद तर होतीच. मार्चमध्ये अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उतारांवर पळस पेटतो, त्याची फुलं उकळली की केशरी-पिवळं पाणी, तेच रंगपंचमीला. पारिजातकाचे देठ: केशरात आणि जपानी अनंताच्या फळात जी रंगद्रव्यं आहेत, त्यांचीच जवळची नातलगं या देठांत आहेत. सकाळी अंगणात सडा पडतो तेव्हा आपण पांढऱ्या पाकळ्यांचं कौतुक करतो, रंगारी देठ बघतो. हिरडा आणि डाळिंबाची साल तुरटीबरोबर वापरली तर जरा मळकट, पण खूप टिकाऊ पिवळा देतात. हळदीचा झगझगीतपणा त्यात नाही. झगझगीत हवं तर कच्चं, टिकाऊ हवं तर मळकट, ही निवड शेकडो वर्षं कुणाला चुकली नाही.

आणि करडई. इथे जरा थांबायला हवं.

करडईच्या पाकळ्यांत दोन रंग असतात. पिवळा भरपूर, लाल चिमूटभर. पिवळा साध्या थंड पाण्यात विरघळतो. लाल मात्र खार घातल्याशिवाय सुटत नाही, आणि सुटल्यावर त्यात काहीतरी आंबट घातलं की कापडावर बसतो. जपानमध्ये हाच बेनी, त्यांच्या चित्रांतला ओठांचा आणि किमोनोच्या अस्तराचा लाल. आंबटासाठी ते धुरी दिलेलं आलुबुखार वापरत, आपल्याकडे लिंबू. आपल्याकडच्या त्या रंगाला कुसुंबी म्हणत. दोन्हीकडे पहिली पायरी एकच: पाकळ्या तुडवून धुवायच्या, पुन्हा धुवायच्या, पाणी निवळ होईपर्यंत धुवायच्या. त्या धुण्यात बादल्याच्या बादल्या पिवळा वाहून जाई. म्हणजे निसर्गानं जो रंग ढिगानं दिला तो ओतून द्यायचा आणि तळाशी चिकटलेल्या चिमटीसाठी दिवसभर राबायचं. आता आपल्याकडे ही कसरत सहसा कुणी करत नाही. करडई तेलापुरती उरली, आणि मेहकरकडे तीही सोयाबीनपुढे मागे पडली.

खार मेहकरला लांबून आणायची गरज नव्हती. पंचवीसेक किलोमीटरवर लोणारचं सरोवर आहे. उल्कापातानं झालेलं, आणि पाणी इतकं खारट-तुरट की साबणाचं पाणीच म्हणावं. तिथले क्षार काढायचा उद्योग जुना. ऐन-ए-अकबरीतही लोणारच्या वर्णनात काच आणि साबण करायला लागणारं सामान इथे मिळतं अशी नोंद आहे. त्या पाण्यात हळदीची चिमूट टाकली तर ती शर्टावरच्या डागासारखीच लाल होईल. २०२०च्या जूनमध्ये अख्खं सरोवर गुलाबी झालं आणि ते फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरले. त्याला मात्र हळद जबाबदार नव्हती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासलं तेव्हा मिठात वाढणारे सूक्ष्मजीव सापडले. हळदीचं खाराशी जे नातं आहे त्याचा सर्वांत रोजचा पुरावा मात्र सरोवरात नाही, देवघरात आहे: पारंपरिक कुंकू म्हणजे खारानं लाल केलेली हळदच. करंड्यातली पिवळी आणि लाल चिमूट एकाच मुळाच्या.

रंगाऱ्याचा हिरवा आपल्याकडेही जपान्यांसारखाच होता, आधी निळीत बुडवायचं, मग वरून पिवळा. सतराव्या-अठराव्या शतकात कोरोमंडल किनाऱ्यावरून युरोपात गेलेली फुलापानांची छीट आज लंडनच्या संग्रहालयांत बघितली तर पानं निळी दिसतात. त्या काळच्या बायकांनी निळ्या पानांचे झगे हौसेनं घातले असं नव्हे. पिवळा शेवटी हातानं भरला जाई, आणि तोच आधी गेला. युरोपातल्या भिंतीवरच्या विणलेल्या पडद्यांचंही हेच. तिथली अरण्यं निळी पडली आहेत. तीन मुलुखांत तीन वेगळ्या झाडांचे पिवळे, आणि तिघांचा शेवट सारखा.

ज्यांना पिवळा कायमचा हवा होता त्यांनी झाडाचा नाद सोडून जमीन उकरली. अजिंठ्याच्या भिंतींवर दीड हजार वर्षं टिकलेला पिवळा म्हणजे पिवळी माती, तिच्यात लोखंडाचा गंज. जे आधीच गंजलं आहे त्याचं ऊन आणखी काय बिघडवणार? गावाकडे भिंतीला लावायची पिवडी ती हीच. दुसरा खनिज पिवळा हरताळ, जपानी चित्रांत भेटला तोच. हस्तलिखितात चूक झाली की लेखक त्यावर हरताळाचा हात फिरवून अक्षर झाकत, त्यावरून हरताळ फासणे हा वाक्प्रचार. संपाच्या हरताळाशी याचा काही संबंध नाही, तो शब्द बाजार बंद करण्यावरून आला. विषारी हरताळानं झाकलेल्या चुका आजही पोथ्यांत ठळक पिवळ्या दिसतात.

मग एक प्रश्न राहतो. हळद कच्ची आहे हे पोरासोरांनाही ठाऊक असताना तिला एवढा मान का? भाषेतच बघा. पी हळद अन् हो गोरी, अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं: दोन्ही म्हणी उतावळ्या, उथळ माणसावर. म्हणजे हळदीचा रंग वरवरचा आणि थोड्या दिवसांचा, हे बोलणाऱ्यांना पुरतं माहीत होतं. तरी लग्नाची हळद, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला हळद, नव्या लुगड्याला नेसायच्या आधी हळदीचं बोट, जेजुरीच्या पायऱ्यांवर भंडारा. या सगळ्यात एक गोष्ट समान आहे: रंग टिकावा अशी कुणाचीच अपेक्षा नाही. नव्या कपड्यावरचं बोट पहिल्या धुण्यात फिकं व्हावं आणि उन्हात जावं, हे धरूनच ते लावलेलं असतं. भंडारा पावसाळ्यात वाहून जातो आणि सोमवतीला पुन्हा उधळला जातो. माझ्या मते हा कमकुवत रंगाशी केलेला सर्वांत शहाणा व्यवहार आहे. जो राहत नाही त्याला वस्तू न करता प्रसंग करायचा.

एकोणिसाव्या शतकात हा व्यवहार मोडला. १८५६मध्ये पर्किननं लंडनमध्ये डांबरापासून जांभळा काढला, १८६९पर्यंत जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठाचा लाल प्रयोगशाळेत बनवला, १८९७पासून कृत्रिम नीळ बाजारात आली. वऱ्हाडातली आलीची लागवड संपली. जपानी चित्रांतही कृत्रिम लाल आणि जांभळे शिरले, इतके भडक की एखादं चित्र त्या काळाचं हे लांबूनच ओळखू येतं. पिवळ्याचे कारखानी प्रकार तर डझनावारी. पहिल्यांदाच झगझगीत आणि टिकाऊ एकत्र मिळू लागलं, आणि मिळू लागल्यावर डोळ्यांना त्याचीच सवय झाली.

या सवयीची किंमत कुठवर जाते त्याचं एक उदाहरण खुद्द हळदीतच आहे. क्रोम पिवळा म्हणजे शिसं आणि क्रोमियमचं संयुग. व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांत हाच आहे, आणि तिथेही तो आता तपकिरीकडे झुकतो आहे. बांगलादेशात १९८०च्या दशकात मोठ्या पुरानंतर भिजलेली हळद काळपट दिसू लागली. व्यापाऱ्यांनी हळकुंडांना पॉलिश करताना हाच क्रोम पिवळा चोळायला सुरुवात केली. गिऱ्हाईक खूश. २०१९मध्ये शास्त्रज्ञांनी हे जाहीर करेपर्यंत गरोदर बायकांच्या रक्तात शिसं पोचलेलं होतं. त्यानंतर तिथल्या सरकारनं छापे घातले आणि दोनेक वर्षांत भेसळ जवळजवळ थांबली. भारतातल्या काही शहरांतल्या नमुन्यांतही शिसं सापडलं आहे. फिकी हळद नाकारणारं गिऱ्हाईक आणि शिशाची पूड चोळणारा व्यापारी, दोघांनाही हवा होता तो न जाणारा पिवळा.

मेहकरच्या देवळात शारंगधर बालाजीची मूर्ती आहे. काळ्या पाषाणाची, उंची अकरा फुटांच्या आसपास. १८८८मध्ये जमीन खणताना सापडली. सरकार ती विलायतेला नेईल म्हणून गावकऱ्यांनी घाईघाईनं तिची प्रतिष्ठापना केली, असं गावात सांगतात. विष्णू म्हणजे पीतांबरधारी. पिवळं वस्त्र ही त्याची ओळखच. शिल्पकारानं दगडात मुकुट कोरला, अलंकार कोरले, वस्त्राच्या चुण्या कोरल्या. पिवळा तेवढा त्याला कोरता आला नाही. तो कुणीतरी बाहेरून आणून नेसवायचा असतो, आणि विटला की दुसरा.